साबण धरलेला हात

त्यांना सगळे हातवाले म्हणत. आईवडिलांनी चांगलं भारदस्त नाव ठेवलेलं होतं, पण ते आता हजेरीपटापुरतं उरलं होतं. स्टुडिओचा शिपाई, खालचा चहावाला, मासिकांचे संपादक, सगळ्यांच्या तोंडी हातवालेच. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. कुणी छेडलंच तर म्हणत, पायवाले म्हणत नाहीत हे काय थोडं झालं?

काळ असा होता की रंगीत फोटो छापणं कुणाच्या आवाक्यातलं नव्हतं. साबणापासून सायकलीपर्यंत जे काही विकायचं असेल, ते आधी कुणीतरी बसून रंगवावं लागे. ते रंगवणारी माणसं एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर, लांबलचक खोलीत, मोठ्या खिडक्यांकडे तोंड करून, उतरत्या पाटांवर वाकलेली असत. एक चित्र एकट्याने पुरं करायची तिथे पद्धत नव्हती. अक्षरं एकाची, यंत्रं आणि बाटल्या दुसऱ्याच्या, चेहरे तिसऱ्याचे. चित्र या पाटावरून त्या पाटावर फिरत फिरत पुरं होई आणि शेवटी साहेबांच्या काचेच्या खोलीत जाई.

चेहरेवाले हे तिथलं बडं प्रस्थ. त्यांनी काढलेली बाई हसली की डोक्याला लावायचं तेल हातोहात खपे. पण हातांशी त्यांचा छत्तीसचा आकडा. त्यांच्या बायका हात पाठीमागे बांधून उभ्या असत, पुरुषांचे हात खिशात, आणि लहान मुलं कायम फुलांच्या टोपलीआड. हे बरीच वर्षं खपून गेलं. मग एकदा रुमालाची जाहिरात आली. रुमाल हा काही दातांत धरून दाखवता येत नाही. चेहरेवाल्यांनी दोन दिवस घाम गाळला आणि मग ते चित्र गुपचूप नव्याने लागलेल्या एका अबोल माणसाच्या पाटावर सरकवलं. त्या माणसाने असा हात काढला, की साहेब दोनदा येऊन बघून गेले. तेव्हापासून स्टुडिओत येणारा प्रत्येक हात त्यांच्याकडे जाऊ लागला. पेला धरलेला, कंगवा धरलेला, टॉर्च धरलेला, बाळाच्या पाठीवर ठेवलेला, सगळे त्यांचे.

दुसरा कुणी असता तर कुरकुरला असता, की जन्मभर मनगटापर्यंतच माणूस काढायचा का? हातवाल्यांना ती हौसच नव्हती. चेहऱ्याला सगळ्यांना आवडावं लागतं, हाताने नुसतं नीट धरलं की झालं, असं ते म्हणत. आपल्या वाट्याला इतकं सरळ काम आलं याचा त्यांना मनापासून आनंद होता. संध्याकाळी बोटांवरचा रंग धुऊन, टोपी घालून, ते असे काही घरी निघत की जणू सकाळी कामावर गेलेच नव्हते.

त्यांची एकच अडचण होती. त्यांना मनाने हात काढता येत नसे. समोर खराखुरा हात लागे, त्याशिवाय ब्रश हलायचा नाही. ही गोष्ट ते लपवत तर नसतच, उलट चारचौघांत मिरवत. पुढे तीच अंगाशी आली.

समोर धरायचा हात त्यांना लग्नात मिळाला. बायको सकाळी, ते स्टुडिओत निघण्याआधी, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बसे, उजव्या हातात साहेबांनी सांगितलेली वस्तू धरे आणि डाव्या हाताने घरातली कामं उरके. उजव्या हाताने बाटली धरून डाव्या हाताने आमटी ढवळणं तिच्याइतकं कुणाला जमत नसेल. त्या उजव्या हाताची करंगळी टोकाशी किंचित आत वळलेली होती. लहानपणी ती दारात सापडली होती. हातवाल्यांनी ती कधी सरळ केली नाही, आणि जाहिरातदारांच्याही कधी लक्षात आलं नाही. त्यामुळे त्या काळी जिथे म्हणून छापील बाईच्या हातात काही असे, तिथे करंगळी आत वळलेलीच असे.

बायकोला याचा केवढा अभिमान! महिन्याचं मासिक आलं की ती उभ्या उभ्या पानं चाळायची आणि जाहीर करायची, की या महिन्यात मी तीन ठिकाणी आहे. दातांच्या डॉक्टरकडे बसलेली असताना शेजारच्या अनोळखी बाईलाही तिने एकदा पान दाखवून करंगळी पुढे केली होती. धाकट्या बहिणीला मात्र हे बघवत नसे. "हातच किती दिवस छापणार?" ती दर भेटीत विचारायची. "चेहरा कधी येणार तुझा?" ताई तेवढ्यापुरती गप्प बसायची आणि रात्री नवऱ्यावर उखडायची.

सगळ्यात मानाचं काम साबणाचं. फेसाळलेली वडी धरलेला एक हात, बाकी काही नाही, आणि खाली ओळ, 'या हातांना वय नाही'. दर वर्षी नवं चित्र, दर वर्षी तीच ओळ. चित्र पसंत पडलं की साबणवाले वड्यांचा एक खोका घरी पाठवत, आणि सगळं घर वर्षभर त्याच वासाने घमघमत असे.

ते साबणाचं चित्र एका वर्षी परत आलं.

साहेबांनी हातवाल्यांना खोलीत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि उगाचच टेबलावरची पट्टी सरळ केली. साबणवाल्यांचा फोन होता म्हणाले. चित्र उत्तम आहे, फेस तर फारच उत्तम आहे, पण हात जरा पोक्त वाटतो. या ओळीखाली चालणार नाही. तरुण हात हवा.

हातवाले चित्र घेऊन खिडकीशी गेले. बोटांचे सांधे जाड झालेले. मनगटापासून निघालेली शीर वर आलेली. अंगठ्याच्या मुळाशी बारीक सुरकुत्यांची जाळी. हे सगळं त्यांनी स्वतःच काढलं होतं, इमानेइतबारे, जसं दिसलं तसं. रोज सकाळी तो हात समोर असायचा आणि तो बदलतोय हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. ब्रश मात्र दर वर्षी थोडं थोडं नोंदवत आला होता. आपण बायकोची चहाडी केल्यासारखं त्यांना वाटलं.

चेहरेवाले म्हणाले, एवढं काय मनाला लावून घ्यायचं, बाहेर टायपिस्ट मुलगी आहे, तिला बसव. हातवाल्यांनी तिला बसवली. मुलगी भली होती, पण तिने वडी अशी धरली की आता ती कागदावर शिक्काच मारणार. शिवाय नखं कुरतडलेली. थोड्या वेळाने दोघांनीही हात टेकले.

मग हातवाल्यांनी घरचा, टेबलाखालचा लाकडी खोका उघडला. त्यात त्यांचे जुने ट्रेसिंग पेपर होते. चित्राची नुसती रेघ आधी त्या पातळ कागदावर काढायची, मग तो कागद पुठ्ठ्यावर ठेवून रेघ खाली उतरवायची, अशी कामाची रीत. अगदी तळाशी लग्नाच्या पहिल्या वर्षीचा एक कागद निघाला. बायकोचाच हात, त्यात एक सफरचंद. तो पाहून ते तिथेच जमिनीवर बसले.

या खेपेला जाहिरातीतली अक्षरं उजवीकडे जायची होती, म्हणजे हात डावीकडून यायला हवा होता. स्टुडिओत हे रोजचंच. ट्रेसिंग पेपर उलटा घातला की डावीकडे बघणारी बाई उजवीकडे बघू लागते. त्यात कधी घोटाळेही होत. एकदा घाईत कोटवाल्या पुरुषाला उलटा फिरवला, तर त्याची बटणं बायकी बाजूला गेली आणि शहरातले शिंपी महिनाभर हसत होते. हाताला बटणं नसतात. हातवाल्यांनी कागद उलटा घातला, सफरचंदाच्या जागी साबणाची वडी बसवली आणि कोवळ्या गुलाबी रंगात हात रंगवला. साबणवाले खूश झाले. वड्यांचा खोका घरी आला.

घरी त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. काय सांगणार? तुझा हात परत आला, म्हणून? हे वाक्य त्यांनी मनातल्या मनात बऱ्याच तऱ्हांनी म्हणून पाहिलं, आणि प्रत्येक तऱ्हेने ते वाईटच निघालं.

मासिक आलं. बायकोने नेहमीसारखं उभ्यानेच उघडलं, साबणाच्या पानावर थांबली, आणि मग खुर्ची ओढून बसली. ती उभ्याची बसली तेव्हाच हातवाल्यांनी ओळखलं, की आपली काही धडगत नाही. तिने पान जवळ घेतलं, लांब धरलं. आधी आपला उजवा हात शेजारी ठेवून पाहिला, मग डावा.

"ही कोण?" तिने विचारलं.

हातवाले गडबडले आणि तोंडाला आलं ते बोलून गेले. "कुणी नाही गं. मनाने काढला."

याहून वाईट उत्तर त्यांना शोधूनही सापडलं नसतं. ज्या माणसाने जन्मभर जगाला सांगितलं, की मला मनाने हात काढता येत नाही, त्याने बायकोला हे सांगावं! पान त्यांच्यासमोर ठेवून तिने करंगळीवर बोट टेकवलं. तो डावा हात होता, नितळ, कोवळा, आणि त्याची करंगळी आत वळलेली होती. तिच्या स्वतःच्या डाव्या हाताची करंगळी तर सरळ.

"बोट माझं," ती म्हणाली, "आणि हात दुसरीचा. निदान बोट तरी तिला द्यायचं नव्हतं."

त्या दिवसापासून घरात अबोला सुरू झाला. जेवण वेळेवर, कपडे इस्त्रीचे, सगळं यथासांग, फक्त बोलणं लेकीमार्फत. लेक शाळेच्या शेवटच्या वर्गात होती, तिला या निरोपांची भलतीच मजा वाटू लागली. मलमाच्या बाटलीची जाहिरात अडली होती. हातवाल्यांनी बाटली पुढे केली तर निरोप आला, की जिला साबण दिला तिलाच बाटली द्या. लेकीला बसवलं तर तिच्या बोटांना शाई, आणि ती हसायची थांबेना. शेवटी त्यांनी स्वतःचाच डावा हात समोर धरून चित्र उरकलं. चेहरेवाल्यांनी ते पाहिलं आणि शांतपणे विचारलं, की या बाई कुस्ती खेळतात का?

खरं सांगून टाकलं असतं तर अबोला तिथल्या तिथे मिटला असता. हातवाल्यांना ते कळत नव्हतं असं नाही. पण मग ती रोज भांडी घासताना आपल्या हाताकडे बघेल, आणि आपल्याला ते दिसेल. त्यापेक्षा आपण बदमाश ठरलेलं बरं, असं त्यांनी ठरवून टाकलं. या वयात आपल्यावर असला संशय कुणी घेतोय, याचंही त्यांना कुठेतरी थोडं बरंच वाटलं, पण ते त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

एक दिवस भर दुपारी बायको स्टुडिओत हजर. निमित्त विसरलेल्या चष्म्याचं. सगळे वहिनी, वहिनी करत उठले. चष्मा देऊन ती सरळ निघून गेली, असं हातवाल्यांना वाटलं. प्रत्यक्षात ती बाहेर टायपिस्टच्या टेबलापाशी थांबली होती. लेकीसाठी लोकरीचे हातमोजे विणायचे आहेत, तुझ्याएवढेच हात आहेत तिचे, जरा माप बघू दे, असं म्हणून तिने त्या मुलीचे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. कुरतडलेली नखं पाहून तिचा जीव भांड्यात पडला. भाबडी मुलगी मात्र बोलता बोलता सांगून गेली, की साबणासाठी मलाही बसवलं होतं, पण मला काही धरता येईना. तरुण हात हवा होता ना त्यांना, पहिलं चित्र परत आलं म्हणून.

हे सगळं हातवाल्यांना नंतर कळलं. त्या संध्याकाळी त्यांना एवढंच जाणवलं, की अबोला आहे, पण त्यातला राग गेलाय. वाढून झालं की बायको हात पदराखाली घेत होती.

रविवारी सकाळी ते केस कापून घरी परतले, तर त्यांच्या टेबलाखालचा खोका ओढून पुढे आणलेला होता आणि बायको खिडकीशी उभी होती. हातात एक ट्रेसिंग पेपर होता. ती तो काचेला लावून बघत होती, मग उलटा करत होती, मग परत सुलटा. एका बाजूने उजवा हात, एका बाजूने डावा. हातवाले दारातच थांबले.

"या सफरचंदाला दात लागलेत," ती पाठ न वळवता म्हणाली.

"लागलेत," ते म्हणाले.

लागणारच होते. त्या सकाळी त्यांनी तिला इतका वेळ ते सफरचंद धरून बसवलं होतं, की नव्या नवरीने संकोच सोडून मध्येच त्याचा एक घास घेतला होता. हातवाल्यांनी तोही तस्साच काढला होता, कारण त्यांना समोर असेल तेच काढता येई.

"म्हणजे ही मीच."

"तूच."

"आणि आत्ताची मी परत आले."

हातवाले पुढे झाले आणि खोक्याच्या शेजारी, भिंतीला टेकवून ठेवलेला जाड पुठ्ठा त्यांनी तिच्यापुढे धरला. परत आलेलं चित्र. ते त्यांनी ना फाडलं होतं, ना त्याच्या पाठीवर दुसरं काही काढलं होतं. "त्यांना नाही आवडलं," ते कसंबसं म्हणाले. "मला आवडलं होतं. अजून आवडतं."

तिने पुठ्ठा घेतला आणि उजेडात बराच वेळ पाहिला. सांधे पाहिले, शीर पाहिली, अंगठ्यापाशी पोचली. कढईचा चटका बसला होता त्याचा पुसट डागही त्यांनी सोडला नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग अचानक ती हसायला लागली. "इतकी वर्षं त्यांचाच साबण लावतेय की हो मी," ती म्हणाली. "हे सांगा त्यांना." दोघंही इतके हसले की लेक आतून बघायला आली, आणि आता निरोप पोचवायचे नाहीत हे कळून जराशी हिरमुसली.

हसून झाल्यावर बायकोने ट्रेसिंग पेपर पुन्हा एकदा पाहिला, त्या कोवळ्या हाताकडे, थोड्या मायेने. "बिचारी," ती म्हणाली. "हिला अजून काहीच ठाऊक नाही." मग कागद खोक्यात ठेवून ती आपल्या नेहमीच्या जागी बसली आणि उजवा हात पुढे केला. "काय धरायचंय?"

पुढे घरात सोयीचा करार झाला. तरुण बाईचा हात लागला की खोका उघडायचा. आई, मास्तरीण, मावशी, दुकानदारीण यांचे हात खिडकीपाशी बसून. परत आलेलं ते चित्रही वाया गेलं नाही. मासिकाच्या संपादकांना एका गोष्टीसाठी आईचा हात हवा होता. हातवाल्यांनी साबणाच्या जागी लोकरीचा गुंडा रंगवला आणि बाकी एक रेघही हलवली नाही. संपादकांनी ते गोष्टीच्या डोक्यावर अर्धं पान भरून छापलं.

तो अंक आला त्या आठवड्यात धाकटी बहीण भेटायला आली होती. तिने आल्या आल्या विचारलं, चेहरा आला का गं तुझा यंदा? ताईने मासिक मांडीवर घेऊन आधी साबणाचं पान उघडलं. "ही मी," ती म्हणाली. मग शांतपणे पानं उलटत ती गोष्टीपाशी आली. लोकर धरलेला तो जाड सांध्यांचा हात तिने बहिणीपुढे केला आणि त्यावर आपला हात नेऊन ठेवला, करंगळीला करंगळी लागेल असा.

"आणि ही पण मीच. ही जास्त चांगली आली आहे."

हातवाले पलीकडे वर्तमानपत्र उघडून बसले होते. ते ऐकून त्यांनी वर्तमानपत्र जरा आणखी वर धरलं, आणि बराच वेळ खाली घेतलं नाही.